स्कार्लेट टू आय टू, पेटीवाल्यांच्या नजरेतून

फोकसराइट कंपनीच्या या लाल डब्याचे, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या ऑडिओ इंटरफेसचे, रिव्ह्यू ढिगाने आहेत पण सगळे गिटारवाल्यांचे नाहीतर पॉडकास्टवाल्यांचे, पेटी घेऊन गाणाऱ्याला याचा काय उपयोग ते कोणी सांगत नाही म्हणून लिहितेय. माझ्याकडे थर्ड जनरेशन आहे, 2019 ला आलेलं मॉडेल, सेकंडहँड घेतलंय.

जोडणी सोपी आहे. लॅपटॉपला एक यूएसबी केबल, करंटही त्यातूनच, वेगळा अडॅप्टर नाही. मॅकला ड्रायव्हर लागत नाही, विंडोजवर मात्र कंपनीचा ड्रायव्हर टाकाच, एएसआयओ (आवाज उशीर न होता लॅपटॉपमध्ये ये-जा करायची विंडोजवरची सोय) त्यातूनच मिळतं आणि ते नसेल तर गायलेलं कानात इतकं उशिरा येतं की लय सुटते. नवीन पीस जोडल्यावर पेनड्राइव्हसारखा एक ड्राइव्ह दिसतो, तो नको असेल तर 48 व्होल्टचं बटण पाच सेकंद दाबून धरायचं.

आता मुख्य गोष्ट, डायरेक्ट मॉनिटर. हे बटण दाबलं की माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये फिरून न येता थेट हेडफोनात येतो, म्हणजे उशीर जवळपास शून्य, तान घेताना हा फरक लगेच कळतो. फक्त ते मोनोवर ठेवा, स्टिरिओवर गाणं एका कानात आणि पेटी दुसऱ्या कानात असं विचित्र ऐकू येतं. आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा नाहीतर स्वतःचाच आवाज डबल येतो, मग लोक म्हणतात मशीन खराब आहे.

तानपुरा लॅपटॉपवरून हेडफोनातच घ्यायचा, खोलीत स्पीकरवर लावला की तो गाण्याच्या माइकमध्ये शिरतो आणि नंतर कमी-जास्त करता येत नाही. पेटीचा माइक भात्यापासून लांब, वरच्या अंगाने लावा, नाहीतर सुरापेक्षा भात्याची धाप जास्त येते. पंखा बंद, हे सांगायला नकोच, मे महिन्यात मात्र हाल होतात.

गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवायचा ते, 56 डीबीपर्यंत आहे. कंडेन्सर माइकला (48 व्होल्टवर चालणारा, जास्त संवेदनशील) भरपूर झाला, साधा डायनॅमिक माइक (स्टेजवर वापरतात तसा, कमी संवेदनशील) लावून खर्जात हळू गायलं तर नॉब जवळपास शेवटापर्यंत न्यावा लागतो. नॉबभोवतीची रिंग हिरवी असली की ठीक, लाल झाली की आवाज फाटला, तार सप्तकात जाणार असाल तर आधीच थोडा कमी ठेवा, 24 बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज नंतर वाढवता येतो. 192 किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटचं (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते) कौतुक नको, 48 पुरे, उगाच फाइली फुगतात. एअर बटणाने वरचे स्वर उजळ होतात, गळ्याला बरं वाटतं पण पेटी मुळातच कर्कश असेल तर बंदच ठेवा.

हम्म असा आवाज आला तर इंटरफेस परत करायला धावू नका, आधी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. माझ्याकडे अर्थिंग धड नसलेल्या सॉकेटचा प्रताप होता, चार्जर काढला आणि आवाज गायब.

खटकणारी गोष्ट एकच पण मोठी आहे, माइकची तोंडं दोनच. गाणं आणि पेटीत ती संपली, तबलजी आला की त्याला कुठे जोडणार? दायाँ-बायाँला वेगळे माइक तर विसराच. तबला नंतर वेगळ्या ट्रॅकवर घेता येतो पण ख्यालात गायक आणि तबला एकमेकांकडे बघून वाजतात, ते असं तुकड्यात होत नाही. नियमित साथीदार असेल तर थोडे पैसे साठवून माइकच्या चार इनपुटचाच घ्या. मात्र बॉक्सवरच्या आकड्यावर जाऊ नका, याच सिरीजच्या फोर आय फोरला माइक प्रीअँप (माइकचा आवाज वाढवणारे भाग) दोनच आहेत, बाकीचे दोन लाइन इनपुट, त्यांना माइक थेट चालत नाही.

एकट्याने रियाज रेकॉर्ड करायला किंवा शिष्यांना बंदिश पाठवायला हा मस्त आहे. फोर्थ जनरेशनमध्ये गेन 69 डीबी आहे आणि लेव्हल आपोआप लावायची सोय आहे, डायनॅमिक माइकवाल्यांनी तोच बघावा. आणि हो, नुसता इंटरफेस घेतला तर बॉक्समध्ये एक्सएलआर केबल (माइक जोडायची तीन पिनांची वायर) नसते, ती ऑर्डर त्याच दिवशी टाका.