गॅस्ट्रिक बायपासनंतर मनगटावरची मेडिकल पट्टी: नऊ महिने रोज वापरल्यावर

वजन कमी करण्यासाठी जठराचा छोटा कप्पा करून त्याला आतडं जोडतात, तो गॅस्ट्रिक बायपास. आपल्याला बोलता येत नसेल तेव्हा डॉक्टरांना हे कळावं म्हणून ही पट्टी. ती कोणत्या धातूची, हे नंतर. आधी तिच्यावर काय कोरायचं ते बघू, कारण चुका तिथेच होतात. पहिली चूक म्हणजे नुसतं ‘बायपास’ कोरून घेणं. आपल्याकडे ‘त्यांचं बायपास झालंय’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हृदयच येतं, मग तो शेजारी असो की कॅज्युअल्टीतला वॉर्डबॉय. वजनासाठी केलेल्या ऑपरेशनचा विचार कोणाच्या मनातही येत नाही. त्यामुळे जागा कितीही कमी पडली तरी ‘गॅस्ट्रिक’ हा शब्द गाळायचा नाही. मिनी बायपास (एकाच जोडाचा प्रकार) असेल तर ‘मिनी गॅस्ट्रिक बायपास’ असं पूर्ण लिहा.

दोन वेळा मजकूर बदलल्यावर तिसऱ्या पट्टीवर जे ठेवलं ते असं, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, चार ओळींत: गॅस्ट्रिक बायपास / नो ब्लाइंड रायल्स ट्यूब / नो एनएसएआयडी / सी वॉलेट कार्ड. एवढंच. नाकातून जठरात घालायच्या नळीला परदेशी नमुन्यांत ‘एनजी ट्यूब’ म्हटलेलं असतं. आपल्याकडच्या सिस्टर आणि निवासी डॉक्टर ‘रायल्स’ किंवा ‘आरटी’ म्हणतात, म्हणून तोच शब्द घेतला.

‘ब्लाइंड’, म्हणजे न बघता घातलेली, हा शब्द मुद्दाम आहे. नेहमीच्या (रू-एन-वाय) बायपासनंतर वरचा जठराचा कप्पा जेमतेम १५ ते ३० मिलिलिटरचा उरतो, म्हणजे एक-दोन मोठे चमचे. त्याला लहान आतडं जोडलेलं असतं. बेशुद्ध किंवा सतत उलट्या होणाऱ्या पेशंटला नाकातून नळी घालताना सवयीने ती बरीच आत सरकवली जाते, कारण साध्या जठरात तेवढी जागा असते. इथे ती जागाच नाही. नळीचं टोक कप्प्याच्या भिंतीवर किंवा जोडावर जाऊन टेकतं आणि जोर लावला तर तिथे भोक पडू शकतं. सुरुवातीच्या आठवड्यांत, टाके ताजे असताना, धोका सर्वांत जास्त. पण नळी कधीच घालायची नाही असं नाही. एंडोस्कोपीखाली किंवा एक्स-रेच्या पडद्यावर बघत घालता येते. ‘नो रायल्स ट्यूब’ एवढंच कोरलं तर आतडं अडकलेल्या पेशंटला गरजेची नळीही नाकारली जाईल, आणि तेही नुकसानच.

एनएसएआयडीची, म्हणजे डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांची, ओळ आपल्याकडे फारच महत्त्वाची. पडझड झाली, कंबर लचकली, दात दुखला की पहिलं इंजेक्शन डायक्लोफेनॅकचं, आणि घरी जाताना हातात अॅसिक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी. जठराचा कप्पा आणि आतडं जिथे जोडलेलं असतं तिथे अल्सर होण्याची प्रवृत्ती असतेच, कारण आतड्याच्या अस्तराला जठरातलं अॅसिड सोसण्याची सवय नसते. या गोळ्या उरलंसुरलं संरक्षणही काढून घेतात. आणि ‘गोळी नको ना, मग सुई देतो’ हा उपाय नाही. औषध रक्तातूनही तोच परिणाम करतं. तंबाखू किंवा सिगारेट चालू असेल तर धोका आणखी वाढतो. पॅरासिटामॉल चालतं, हे पाकिटातल्या कार्डावर लिहायचं, पट्टीवर नको.

पट्टीवर काय कोरू नये, तेही सांगायला हवं. इंटरनेटवर फिरणाऱ्या नमुन्यांत ‘नो शुगर’ अशी ओळ सापडते. ती अजिबात घेऊ नका. साखर खाल्ली की डंपिंग होतं, म्हणजे घाम, धडधड, जुलाब, म्हणून ती ओळ आलेली आहे. पण बायपास झालेल्या काहींना जेवणानंतर एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम खाली जाण्याचाही त्रास होतो. तेव्हा भोवळ येऊन पडलेल्या माणसाला ग्लुकोजच लागतं, आणि शिरेतून दिलेलं ग्लुकोज आतड्यातून जातच नसल्याने त्याने डंपिंग होत नाही. अशा वेळी ‘नो शुगर’ वाचून कोणी थांबलं तर अनर्थ. ‘नो अॅस्पिरिन’ही असंच. हार्ट अटॅकमध्ये अॅस्पिरिन द्यायची की नाही हे समोरच्या डॉक्टरला ठरवू द्या.

स्लीव्हवाल्यांना, म्हणजे वजनासाठी फक्त जठर कापून लहान केलेल्यांना, हे सगळं तितक्या काटेकोरपणे लागू नाही. त्यांचा अन्नमार्ग पूर्वीचाच असतो, फक्त जठर नळीसारखं अरुंद झालेलं असतं. पहिले काही महिने पट्टी जरूर घाला. पुढे, दुसरा आजार नसेल, तर पाकिटातलं कार्ड पुरेसं वाटतं. मिनी बायपास आणि रू-एन-वाय बायपास, दोन्हींत पट्टी कायमची.

आता वस्तूबद्दल. पाच प्रकार वापरून झाले.

सिलिकॉनचा पट्टा आणि त्यावर स्टीलची चकती: पहिल्या वर्षासाठी हाच घ्या. कारण साधं आहे. ऑपरेशननंतर वजन सर्वांत वेगाने पहिल्या सहा महिन्यांत उतरतं आणि पुढे वर्ष-दीड वर्ष उतरत राहतं, आणि त्याबरोबर मनगटही बारीक होतं. सुरुवातीला मापात घेतलेली स्टीलची साखळी चौथ्या महिन्यात कोपराकडे सरकायला लागते, चकती उलटी होऊन खाली लोंबते आणि एक दिवस बादलीत हात घातला की निघून येते. भोकांचा पट्टा आत घेत जाता येतो. तोटा म्हणजे घाम. पट्ट्याखाली हवा जात नाही. पावसाळ्यात आणि मेच्या उकाड्यात लालसर पुरळ उठतं. रोज आंघोळीनंतर पट्टा काढून साबणाने धुवायचा, हात कोरडा करायचा, मगच परत बांधायचा. आठवड्यातून दोनदा हात बदलला तर पुरळ बसतं.

३१६ एल स्टीलची साखळी: वजन स्थिरावल्यावर ही सर्वांत चांगली. मनगटाचा घेर टेपने मोजा आणि त्यात साधारण सव्वा सेंटीमीटर मिळवा. करंगळी आत जाईल इतकी ढील हवी, अंगठा नको. कड्या काढता येणारी साखळी घ्या. घड्याळाच्या दुकानात छोट्या पान्याने एक-दोन कड्या सहज कमी करून देतात. हूकवर लक्ष ठेवा. खेकड्याच्या नांगीसारखा, आत स्प्रिंग असलेला हूक टिकतो. नुसता वाकवलेला एस आकाराचा हूक स्वेटरच्या बाहीत अडकून उघडतो. एमआरआयच्या वेळी मात्र ती काढून ठेवायचीच.

सोनेरी मुलाम्याची पितळी पट्टी दिसायला छान, पण दमट हवेत दोन-अडीच महिन्यांत कडा हिरवट पडल्या आणि अक्षरांत मळ बसला. निकेलची अॅलर्जी असेल तर हिचा विचारही नको. गळ्यातलं लॉकेट शर्टाच्या आत जातं, मंगळसूत्र आणि चेनीच्या गर्दीत ते कोणाला दिसत नाही. क्यूआर कोडचा पट्टा पाचवा. त्यासाठी समोरच्याकडे फोन हवा, नेट हवं, कोड न खरवडलेला हवा आणि ती वेबसाइट त्या दिवशी चालू हवी. कोरलेल्या चार ओळींना यांतलं काहीच लागत नाही. क्यूआर हवाच असेल तर मागच्या बाजूला, जोडीला.

कोरण्याचं काम ट्रॉफी आणि नेमप्लेट बनवणाऱ्यांकडे होतं. त्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. वरवरची लेझरची काळी छाप नको, खोल कोरून हवं. काळी छाप टेबलाच्या कडेला आणि कीबोर्डला घासून फिकी होते. खोल कोरलेलं अक्षर रंग गेला तरी नखाला लागतं आणि तिरक्या उजेडात वाचता येतं. दुसरं, अक्षराची उंची किमान दोन मिलिमीटर. चार सेंटीमीटर लांबीच्या चकतीवर एका ओळीत साधारण वीस अक्षरं नीट बसतात, त्यापुढे खिचडी होते. पुढच्या बाजूला काठीवर गुंडाळलेल्या सापाचं वैद्यकीय चिन्ह लाल रंगात भरून घ्या. लाल नसेल तर ते नुसतं कडं दिसतं.

आणि ते कडं दिसलं की काय होतं, हे लक्षात ठेवा. कॅज्युअल्टीत पेशंट आला की सिस्टर बांगड्या, अंगठी, कडं, घड्याळ काढून एका पिशवीत घालते आणि नातेवाइकांच्या हातात देते. पट्टी दागिन्यासारखी असेल तर तीही त्या पिशवीत जाते, न वाचता. हातात नाडा, कडं, घड्याळ असं बरंच असेल तर पट्टी दुसऱ्या, मोकळ्या हातात घाला. चकती मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवली तर नाडी बघणाऱ्याच्या बोटाखालीच येते. ओरखडे थोडे जास्त पडतात, पण चालेल.

चकतीची मागची बाजू मराठीत: ‘पाकिटातले कार्ड डॉक्टरांना दाखवा’ आणि खाली फोन नंबर. ही ओळ डॉक्टरसाठी नाही, रस्त्यावर गाडी थांबवून १०८ ला फोन करणाऱ्या माणसासाठी आहे. देवनागरी मात्र तीन मिलिमीटरच्या खाली कोरू नका. काने, मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात.

खरी माहिती कार्डावर. आधारचं पीव्हीसी कार्ड छापून देणारे झेरॉक्सवाले हेही छापून देतात. ऑपरेशनचं पूर्ण नाव, तारीख, हॉस्पिटल, सर्जनचा नंबर, आतड्याचा किती सेंटीमीटर भाग वगळला आहे (डिस्चार्ज कार्डावर असतं, नसल्यास मागून घ्या), चालू औषधं. त्याखाली या सूचना जरूर घाला.

उलट्या काही दिवस चालू असतील तर ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) द्यावं. गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये अशक्तपणा आणि उलट्यांसाठी पहिली बाटली लागते ती डीएनएस, म्हणजे ग्लुकोजवाली. शरीरात बी-१ संपत आलेलं असताना ग्लुकोज दिलं तर उरलेलं बी-१ तेच जाळण्यात खर्च होतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डोळे हलणं, तोल जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं ही तिची लक्षणं. साखर खाली गेली असेल तर थांबायचं नाही, दोन्ही एकदम द्यायचं. ही एक ओळ कार्डावरची सर्वांत मोलाची आहे.

पोटात कळा येत असतील, ऑपरेशनला पाच वर्षं झाली असली तरी, सर्जनला कळवून सीटी स्कॅन करावा. आतडं आतल्या फटीत अडकलेलं असू शकतं, आणि अॅसिडिटी समजून घालवलेला दिवस महागात पडतो. गरोदरपणात हे जास्त जपायचं. गरोदर बाईंसाठी आणखी एक: साखरेच्या तपासणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात. बायपास झालेल्या बाईला त्याने जोरदार डंपिंग होऊ शकतं. त्याऐवजी आठवडाभर घरी ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी आणि जेवणानंतरच्या नोंदी घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं. आणि ‘पोटात टायटॅनियमचे स्टेपल’ हे लिहा. एमआरआयच्या फॉर्मवर शरीरातल्या धातूबद्दल विचारतात. टायटॅनियमच्या स्टेपलने एमआरआय अडत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी गणित थोडं वेगळं. तिथे मेडिकअॅलर्ट फाउंडेशन १९५६ पासून आहे, कॅलिफोर्नियातल्या टर्लॉक गावात सुरू झालेलं. सभासद झालात की चकतीवर त्यांचा चोवीस तासांचा नंबर असतो आणि फोन केल्यावर तुमची नोंद सांगतात. सुट्टीत पुण्याला किंवा मडगावला येताना मात्र त्यावर विसंबू नका. इथला ड्युटी डॉक्टर अमेरिकेला फोन लावत बसणार नाही. निघण्यापूर्वी वरच्यासारखं कार्ड करून घ्या.

फोनमध्येही भरून ठेवा. आयफोनच्या हेल्थ अॅपमध्ये मेडिकल आयडी असतो, त्यात ‘लॉक असताना दाखवा’ हा पर्याय चालू करा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या सेफ्टी अँड इमर्जन्सीमध्ये. भरून झाल्यावर फोन लॉक करा आणि पासवर्ड न टाकता माहिती दिसते का ते दुसऱ्याच्या हाती देऊन बघा.

शेवटचं फोन नंबरांबद्दल. पहिल्या पट्टीवर नवरा-बायकोपैकी एकाचाच नंबर होता. दोघं एकाच गाडीत असतील आणि गाडीलाच अपघात झाला, तर तो फोनही त्याच गाडीत वाजत राहील. तिसऱ्या पट्टीवर दोन नंबर आहेत: एक घरातला, एक दुसऱ्या घरात राहणाऱ्या भावाचा. भावाला ऑपरेशनचं नाव माहीत आहे आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो त्याच्या फोनमध्ये आहे.