एलटीस्पाइसमध्ये बाहेरचं मॉडेल टाकणं: पाचपैकी चार स्टार

एलटीस्पाइस म्हणजे कॉम्प्युटरवर सर्किट चालवून बघायचं फुकट सॉफ्टवेअर, नोडची (सर्किटमधल्या जोडबिंदूंची) मर्यादा नाही आणि माइक एंगेलहार्टनं लिहिलेलं हे इंजिन स्विचिंग सर्किट असं पळवते की त्या माणसाबद्दल खरंच आदर वाटतो. एक स्टार कापला तो लायब्ररीसाठी, म्हणजे आत तयार मिळणाऱ्या पार्टच्या यादीसाठी. सॉफ्टवेअर आधी लिनियर टेक्नॉलॉजी कंपनीचं होतं, २०१७ पासून अ‍ॅनालॉग डिव्हायसेसचं, त्यामुळे आत पार्टपण बहुतेक त्यांचेच. आपल्या नागपूरच्या बर्डीत कुठंही मिळणारा एलएम३५८ ऑपअँप (सिग्नल वाढवणारी चिप) हवा असला की त्याचं मॉडेल, म्हणजे पार्ट कसा वागतो ते सांगणारी फाइल, बाहेरून आणा.

आणि आणाच, कारण फायनल इयरचे पोट्टे यादीतला कोणताही ऑपअँप उचलून प्रोजेक्ट रिपोर्ट छापतात, मग ब्रेडबोर्डवर ५ व्होल्ट सप्लायला आउटपुट साडेतीनच्या आसपासच अडकते तेव्हा वायरिंग तपासत बसतात. ३५८ तसाच आहे राजेहो, आउटपुट वरच्या रेलपर्यंत, म्हणजे सप्लायच्या पूर्ण व्होल्टेजपर्यंत, जातच नाही, त्याचं चांगलं मॉडेल टाकलं तर हे स्क्रीनवरच दिसते.

टाकणं सोपं आहे. कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवा, सर्किटच्याच फोल्डरमध्ये ठेवा, शीटवर डॉट इन्क्लुड (.include) लिहून फाइलचं पूर्ण नाव द्या, ऑपअँप२ सिम्बॉल घ्या आणि त्याच्या व्हॅल्यूमध्ये सबसर्किटचं नाव (फाइलमध्ये .SUBCKT नंतर लिहिलेलं) आहे तसंच टाका, एक अक्षर चुकलं तरी अननोन सबसर्किट म्हणून एरर येतो. स्टॅंडर्ड लायब्ररीच्या फाइलमध्ये मॉडेल चिकटवायचा सल्ला बरेच जण देतात, मला तो बिलकुल पटत नाही, अपडेटमध्ये ती फाइल बदलू शकते आणि मित्राला सर्किट पाठवलं तर त्याच्याकडे ते चालत नाही.

पिनचा क्रम मात्र डोळे उघडे ठेवून बघा. फाइल नोटपॅडमध्ये उघडा, त्या .SUBCKT च्या ओळीत पिन ज्या क्रमानं लिहिल्या त्याच क्रमानं सिम्बॉलच्या पाहिजेत, पॅकेजवरच्या पिन नंबरशी याचा संबंध नाही. क्रम जुळत नसेल तर फाइल एलटीस्पाइसमध्येच उघडून त्या ओळीवरच्या नावावर राइट क्लिक, क्रिएट सिम्बॉल. नुसता चौकोनी डबा बनते, दिसायला काही खास नाही पण क्रम बरोबर येते.

अजून एक, नागपूरवाल्यांसाठी महत्त्वाचं. सिम्युलेशन डिफॉल्टनं २७ डिग्रीला चालते, आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ असते आणि बंद डब्यात त्याहून जास्त, म्हणून डॉट टेम्प ६० टाकून बघाच. पण आधी मॉडेल फाइलच्या वरच्या कॉमेंट वाचा, तापमानाचा परिणाम मॉडेलमध्ये धरला नाही असं काही फाइलमध्ये सरळ लिहिलेलं असते, तिथं ६० टाकून आलेल्या आकड्यावर हीटसिंक ठरवू नका.

फाइल उघडल्यावर आत सगळी अगम्य अक्षरं दिसली तर ते पीस्पाइस या दुसऱ्या सिम्युलेटरसाठी एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेलं मॉडेल समजा, ते इथं चालत नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा पार्ट असेल तर त्यांचं पीस्पाइस फॉर टीआय फुकट मिळते, तेवढं सर्किट तिकडे चालवा.