शिकणं मोजायचंय : घडीची चाचणी, हनोईचा मनोरा की खरा कागद?

‘माणसं नवी गोष्ट कशी शिकतात’ यावर एम.एड.चा लघुप्रबंध घेतला, की कृती कोणती द्यायची इथंच गाडी अडते. कमी खर्चाचे तीन पर्याय आहेत.

पहिली छापील घडी-चाचणी. चाचण्या बनवणाऱ्या अमेरिकेतल्या ईटीएस संस्थेची ही चाचणी जुनी नि नावाजलेली. चित्रात कागदाला घड्या पडतात, भोक पाडलं जातं. उलगडल्यावर भोकं कुठं दिसतील ते ओळखायचं. प्रश्न २०, वेळ दोन भागांत तीन-तीन मिनिटं. तपासायला एकदम सोपी. पण आकृती मनात फिरवता येते का, एवढंच ती सांगते. शिकणं तिच्यात दिसत नाही. सुरुवातीला समतुल्य गट पाडायला मात्र जरूर वापरा.

फ्रेंच गणिती लुकास यांनी १८८३ साली आणलेला हनोईचा मनोरा मोजणीला चोख. चकत्यांची चळत एका खुंटीवरून दुसरीवर न्यायची; खुंट्या तीन, एका वेळी एकच चकती, लहानीवर मोठी ठेवायची नाही. तीन चकत्या कमीत कमी सात चालींत, चार पंधरा चालींत. खोट एवढीच, की मेख कळली की खेळ संपला, आणि चुकलेली चाल मागे काहीच ठेवत नाही.

माझं मत खऱ्या कागदाला. कागद चूक लपवत नाही. ओरिगामीतला क्रौंच पक्षी करताना चौकोनी पायापर्यंत, म्हणजे कागद दुमडून केलेल्या सुरुवातीच्या लहान चौकोनापर्यंत, बहुतेक जण बरे पोचतात. पुढं एक पदर वर उचलून दोन्ही कडा आत वळवायची पाकळीची घडी आली, की हात थांबतात. कागद उलगडून पाहा : मूळ रेषेशेजारी दुसरी, किंचित तिरकी रेष दिसते. कोण कुठं अडखळलं, ते तिथंच वाचता येतं. घोटीव कागदावर ती आणखी स्पष्ट उमटते.

डोकेदुखीही आहे. होडी, विमान देऊ नका, ते सगळ्यांना येतं. आकृत्यांवरून शिकणं आणि व्हिडिओवरून शिकणं यांची तुलना करणार असाल तर सांभाळा : तुटक रेष म्हणजे आतली घडी, रेघ-टिंब म्हणजे बाहेरची, ही खूण आधी शिकवली नाही तर आकृतीवाला गट उगाच मागे पडतो. ऑस्ट्रेलियात शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ स्वेलर आणि सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांवर अशीच तुलना करून पाहिली (२००९). स्थिर आकृत्यांपेक्षा हलती चित्रं सरस ठरली. गुणदान कसं करायचं तेही आधी ठरवा. ‘साधारण जमलं’ला किती गुण, यावर दोन तपासनीस हमखास भांडतात.

कागदांवर क्रमांक आधीच टाका आणि प्रत्येकामागं एक जादा कागद ठेवा. क्रौंच जमला, की पोरं तो परत देत नाहीत.