जुनी टाटा 407: इंजिन बांधायचं (खोलून दुरुस्त करायचं) की नवी गाडी काढायची?

निफाड-पिंपळगावकडच्या टेम्पोवाल्यांपुढे हा हिशोब कधी ना कधी येतोच. गाडी 2012-13 ची, बीएस-3 (धुराच्या जुन्या निकषाची), आत टाटाचं 497 इंजिन. वाशीहून रिकामी परतताना कसाऱ्याला काळा धूर, दर फेरीला ऑइलचं टॉपअप. मिस्त्री म्हणतो, "शेठ, इंजिन खोलावं लागेल." तो 90 हजार सांगतो आणि खोलल्यावर आकडा सव्वा लाखाला टेकणार हे दोघांनाही ठाऊक असतं. तिकडे शोरूमचा माणूस रोज फोन करतोय.

आपण सगळे बोलतो इंजिनाबद्दल, पण निकाल बहुतेक वेळा दोन वेगळ्याच गोष्टींवर लागतो. चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, कशी आहे आणि महिन्यातले किती दिवस गाडी खरोखर भरून धावते.

आधी दिवस मोजू. नव्या गाडीसाठी 10 लाखांचं कर्ज, 11 टक्के व्याज, 48 महिने असं धरलं तर हप्ता साधारण 25,850 रुपये पडतो. महिन्यात 25 दिवस भाडं असेल तर रोजचे हजार-सव्वा हजार हप्त्याला जातात, ते निघतात. फक्त टोमॅटो-द्राक्षाच्या हंगामावर गाडी चालत असेल आणि वर्षाची सरासरी महिन्याला 12 दिवसांची असेल, तर भरलेल्या प्रत्येक दिवसावर 2,150 रुपये बसतात. त्यात डिझेल, टोल, ड्रायव्हर, हमाली अजून धरलेलीच नाही. उलट सव्वा लाखाचं काम दोन वर्षांवर वाटलं तर महिन्याला 5,200 रुपये. वर टायर, पाटे (स्प्रिंगा), क्लच मिळून तेवढेच आणखी धरा, तरी हप्त्याच्या निम्म्यातच राहतं.

22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, हे नव्याच्या बाजूने मोठं वजन. कराआधी 8 लाखांच्या गाडीत सरळ 80 हजारांचा फरक पडतो. तरी हप्ता काही निम्मा होत नाही. म्हणून हंगामी गाडीवाल्याला माझं मत स्पष्ट आहे: चेसिस धड असेल तर इंजिन बांधा. दूध, कुरिअर किंवा कंपनीचं रोजचं काम असेल तर जुन्या गाडीचा मोह सोडा. तिथे एक दिवस गाडी उभी राहिली की भाडं जातंच, कधी कामही जातं.

आता चेसिस. ओल्या क्रेटचं पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून खाली झिरपतं आणि क्रॉस मेंबरच्या, म्हणजे चेसिसच्या आडव्या पट्ट्यांच्या, सांध्यात बसतं. गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घ्या, छोटी हातोडी घ्या आणि मागच्या पाट्याच्या हँगरपासून (पाटा चेसिसला धरणाऱ्या कंसापासून) पुढे ठोकत या. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज येऊन गंजाचे पापुद्रे पडले, रिव्हेटभोवती तांबडी रेघ दिसली किंवा जुन्या वेल्डिंगवर नवं वेल्डिंग आढळलं, तर इंजिनात पैसे घालू नका. लायनर-पिस्टन बदलून इंजिन पुन्हा उभं राहतं, पण घाटात अडीच टन घेऊन उतरताना हँगर सुटला तर मिस्त्री काय करणार?

इंजिनाचीही एक तपासणी स्वतः करता येते. गाडी गरम झाल्यावर आयडलवर ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर टेकवा. झाकण थडथड नाचलं आणि खालून धुराचा झोत आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. झाकण शांत असेल आणि धूर फक्त जोर दिल्यावर काळा येत असेल, तर आधी डिझेलच्या नोझल-पंपाचं कॅलिब्रेशन (मोजमाप जुळवणी) करून बघा. ते इंजिन खोलण्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात पडतं. दुसरं तयार इंजिन बसवणार असाल, तर इंजिन नंबर आरसीवर (नोंदणी पुस्तकावर) बदलून घ्या, नाहीतर पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला, अडकाल.

पासिंगचा विषय जुन्या गाडीला जड जातोच. पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. शिवाय आठ वर्षांनंतर पर्यावरण कर, आणि वय वाढेल तशी फिटनेसची फी चढत जाते. स्वयंचलित तपासणी केंद्रात ब्रेक रोलरवर मोजले जातात, तिथे ओळख कामाला येत नाही. आणि माल दिल्लीकडे जात असेल तर प्रश्नच मिटला: 1 नोव्हेंबर 2025 पासून बाहेरच्या बीएस-3 मालवाहू गाड्यांना तिथे प्रवेश नाही. थर्ड पार्टी विम्यात मात्र नव्या-जुन्यात फरक नसतो, तो गाडीच्या वजनावर ठरतो.

नवी बीएस-6 गाडी घेतली म्हणजे कटकट संपली, असंही नाही. धूर गाळणारा डीपीएफ साफ व्हायला गाडी काही वेळ सलग गरम पळावी लागते. शेत ते मार्केट अशा पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्यांत तो चोंदतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी जोर सोडते. जुन्या पंपाची गाडी इगतपुरीला रात्री बंद पडली तर पान्हा घेऊन कोणीही येतो. नवीला स्कॅनर लागतो. वॉरंटी आहे, पण पहाटेचा बाजार वॉरंटीसाठी थांबत नाही.

मधला रस्ता म्हणजे 2018-19 ची बीएस-4. मला तो कागदावर जितका चांगला दिसतो, तितका व्यवहारात वाटत नाही. दरवर्षीच्या पासिंगला तीही आलीच, जुन्या गाडीच्या कर्जाचं व्याज नव्यापेक्षा चढं, आणि आधीच्या मालकाने किती ओव्हरलोड ओढला ते कळायला मार्ग नाही. घ्यायचीच तर वर सांगितलेली हातोडी घेऊन जा, आणि बँकेचा बोजा व थकलेली चलनं आधी तपासा.

नवी काढायची ठरलीच, तर जुनी कुठे घालायची तेही आधी ठरवा. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली तर ठेव प्रमाणपत्र मिळतं, आणि त्यावर नव्या मालवाहू गाडीच्या वाहनकरात 15 टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. चालू गाडीला बाजारात बहुधा भंगारापेक्षा जास्त पैसे येतात, पण नोटरीवर विकू नका. फॉर्म 29 आणि 30 भरून, आरसीवर घेणाऱ्याचं नाव चढल्याचं वाहन पोर्टलवर बघूनच शेवटची रक्कम आणि चावी यांची अदलाबदल करा. तोवर त्या गाडीचं प्रत्येक चलन तुमच्याच मोबाइलवर येणार, आणि अपघात झाला तर कोर्टाची नोटीसही तुमच्याच नावाने निघणार.