अमेरिकी गॅलन की ब्रिटिश? लिटरमध्ये रूपांतर करण्यापूर्वी

गॅलनचे लिटर करताना दशांश चिन्हानंतर किती अंक घ्यावेत, हा प्रश्न नंतरचा. समोरचा गॅलन अमेरिकी आहे की ब्रिटिश, हे आधी पाहावे लागते. अमेरिकी गॅलन 231 घन इंचांचा, म्हणजे सुमारे 3.785 लिटरचा असून 1707 साली इंग्लंडात कायद्याने ठरवलेल्या वाइनच्या मापावरून तो आलेला आहे. ब्रिटनने 1824 साली दहा पौंड पाण्याच्या आकारमानावर बेतलेला नवा गॅलन स्वीकारला, अमेरिकेने मात्र जुनेच माप चालू ठेवले. हा ब्रिटिश, अर्थात इम्पीरियल गॅलन आता 4.54609 लिटर इतका निश्चित आहे.

पाच ब्रिटिश गॅलनांत जवळजवळ सहा अमेरिकी गॅलन मावतात, एवढा हा फरक मोठा आहे. माशांच्या 40 लिटरच्या टाकीत गॅलनमागे 10 मिलिलिटर औषध घालायचे असेल, तर अमेरिकी हिशेबाने 106 मिलिलिटर लागते आणि ब्रिटिश हिशेबाने 88. औषधाच्या बाबतीत हे 18 मिलिलिटर क्षुल्लक मुळीच नाहीत.

‘एक गॅलन म्हणजे चार लिटर’ हा तोंडी हिशेब सोपा असला, तरी मला तो पटत नाही. अमेरिकी मापात तो जवळपास सहा टक्के जास्त आणि ब्रिटिश मापात बारा टक्के कमी आकडा देतो. बादलीभर पाण्याचा अंदाज घेण्यापुरता तो चालेल. त्याऐवजी अमेरिकी गॅलनला 3.8 आणि ब्रिटिश गॅलनला 4.5 ने गुणले, तर चूक एका टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी राहते आणि घरगुती कामाला तेवढी अचूकता पुरते. औषधे व रसायने मोजताना मात्र 3.785 किंवा 4.546 हेच आकडे घ्यावेत. उलट दिशेने जाताना लिटरला अनुक्रमे 0.264 किंवा 0.22 ने गुणावे.

गाडीच्या मायलेजची तुलना करतानाही हाच घोटाळा होतो, कारण गॅलनला 40 मैल म्हणजे अमेरिकी मापाने लिटरला 17 किलोमीटर, तर ब्रिटिश मापाने जेमतेम 14.2 किलोमीटर होतात. डब्यावर गॅलनशेजारी लिटरचा आकडा छापलेला असल्यास तो आधी वाचावा: एका गॅलनपुढे 3.78 असेल तर माप अमेरिकी, 4.54 असेल तर ब्रिटिश.