कार्बनवरचं पॅलेडियम की चुंबकाने ओढता येणारं?

निवडक हायड्रोजनेशनसाठी, म्हणजे रेणूतल्या ठरावीक बंधालाच हायड्रोजन जोडण्यासाठी, पॅलेडियम हा नेहमीचा उत्प्रेरक. एक तर बाजारातलं कार्बनवरचं घ्या, नाहीतर मॅग्नेटाइटच्या (लोहाचं चुंबकीय ऑक्साइड) कणांवर सिलिकाचं कवच चढवा, त्यावर अमाइन (पॅलेडियम धरून ठेवणारा नायट्रोजनचा गट) लावा आणि पॅलेडियम स्वतः बसवा. मी दोन्ही वापरलंय.

कार्बनवालं सोयीचं आहे, यात वाद नाही. डबी उघडा, तोला, घाला. पण ते हावरट आहे. अल्काइनला (तिहेरी बंध) अल्कीनवर (दुहेरी बंध) थांबवायचं असेल आणि जरा लक्ष हललं, की हातात थेट अल्केन (एकेरी बंध). १९५२ मध्ये लिंडलार या रसायनशास्त्रज्ञाने शिसं आणि क्विनोलीन (नायट्रोजन असलेलं संयुग) घालून पॅलेडियमला आवर घातला तो त्यासाठीच. अमाइन हेच काम शिशाशिवाय करते. निदान माझ्या अभिक्रियांत तरी केलंय.

माझा निर्णय मात्र गाळताना झाला. कार्बनची बारीक पूड सेलाइटचा (गाळायला वापरायची माती) थर बुजवते, पंप घरघरत राहतो आणि खाली थेंब पडत नाही. त्यात नागपूरचा मे, पारा ४५च्या घरात. मिथेनॉलने भिजलेला थर कडेकडेने बघता बघता सुकतो. एकदा तसाच सुकला, हायड्रोजन पिऊन बसलेल्या पॅलेडियमला हवा लागली आणि फनेलच्या कडेने लाल रेघ धावली. शेजारची वाळू ओतली. आग विझली, पण पॅलेडियम वाळूत गेलं.

चुंबकीय कणांना गाळणीच लागत नाही. फ्लास्कला निओडिमियमचा चुंबक लावला की काळं द्रावण निवळतं, काचेवर काळा डाग जमतो. वरचं ओतून घ्यायचं, कण ओलेच राहतात. चुंबक काढला की पुन्हा मोकळे, कारण साधारण २० नॅनोमीटरच्या आतलं मॅग्नेटाइट कायमचं चुंबक होत नाही.

त्रास इथेही आहे. बनवायला दोन-तीन दिवस मोडतात. कवच विरळ राहिलं तर आम्लात लोह विरघळतं. नेहमीचा मॅग्नेटिक स्टरर तर विसराच, सगळे कण त्याच्या चुंबकी कांडीलाच चिकटून बसतात. वरून मोटरने ढवळावं लागतं. आणि कण परत मिळाले म्हणजे पॅलेडियमही परत मिळालं, असं धरू नका. अभिक्रिया अर्ध्यावर असताना, गरम असतानाच कण काढा आणि उरलेलं द्रावण तसंच पुढे चालवा. त्यातही अभिक्रिया होत राहिली तर पॅलेडियम सुटतंय.

वर्षातून एकदोनदाच हायड्रोजनेशन करत असाल तर डबी विकत घेतलेली बरी. दर आठवड्याला करणार असाल तर मॅग्नेटाइट बनवायला फेरस-फेरिक (लोहाचे दोन क्षार) १:२ घेऊन अमोनियाची बाटली उघडा. जमलं तर एप्रिलच्या आत.