मैत्री आणि सोशल मीडियावरचा सी-वन इंग्रजी कोर्स: अर्धं वर्ष वापरून

हा कोर्स कोणासाठी नाही ते आधी सांगते. ज्यांचं गाडं अजून काळ आणि प्रिपोझिशनपाशी अडतं, त्यांनी पैसे घालवू नयेत. युरोपच्या भाषाचौकटीत ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या धरतात. त्यातल्या पाचव्या पायरीचा, सी-वनचा हा कोर्स. ऑफिसपुरतं इंग्रजी तुम्हाला येतं, असं शिकवणारे धरूनच चालतात. मला ते येत होतं. फोर्टमधल्या ऑफिसात दिवसभर मेल आणि कॉलच असतात. पण डबा खाताना दिल्ली-बेंगळुरूची मंडळी गप्पांना बसली, की माझी गाडी 'या, ट्रू'च्या पुढे जायची नाही.

अख्खा कोर्स एकाच विषयावर आहे हे कळल्यावर मी कपाळाला हात लावला. म्हटलं, शाळेतला निबंध पुन्हा लिहायचाय: 'सोशल मीडिया: शाप की वरदान'! सुरुवातीचे धडे तसेच आहेत. मजा येते ती वाचनाच्या भागापासून. तिथे भेटतात ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार. त्यांनी १९९२ साली माकडवर्गीय प्राण्यांचा मेंदू आणि त्यांच्या कळपाचा आकार यांची सांगड घातली. त्यावरून माणसाला साधारण १५० नाती सांभाळता येतात, हा आकडा निघाला. पुढच्याच धड्यात २०२१ साली स्टॉकहोमच्या संशोधकांनी त्याच गणितावर घेतलेला आक्षेप येतो. तुम्ही दोन्ही बाजू मांडायच्या, आपलं मत मध्ये न घुसडता. मी सरळ 'डनबार इज राँग' लिहून मोकळी झाले. तपासणाऱ्या बाईंनी त्याचं केलं, 'द फिगर मे वेल बी लेस सर्टन दॅन इट सीम्स'. 'मे वेल', 'आर्ग्युएबली', 'टेंड टु' हे शब्द मला ओळखीचे होते, पण माझ्या तोंडात कधी आले नव्हते. आता क्लायंटला नकार कळवताना हेच उपयोगी पडतात.

पण पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते बोलण्याच्या तासाला. जोडीदार कुठलाही मिळतो. मला मिळाली ब्राझीलची एक नर्स. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा लेख आम्हाला वाचायला होता. नोकरीची खबर बहुतेक वेळा जिवलगांकडून न येता तोंडओळखीच्या माणसांकडून येते, असं तो सांगतो. आपल्याकडचं उदाहरण द्या म्हटल्यावर मी आमचा लोकलमधला ग्रुप सांगायला घेतला. मुलुंडची सकाळची गाडी, लेडीज डबा. आडनावं ठाऊक नाहीत, पण कोणाच्या सासूची शुगर किती ते ठाऊक. संक्रांतीचं हळदीकुंकू डब्यातच, दसऱ्याला डब्याला तोरण. तिला हे सगळं पटलं, फोर्थ सीट मात्र काही केल्या कळेना. तिघींच्या बाकावर चौथी अर्धी टेकते, तिला जागा द्यायला बाकीच्या सरकतात आणि यात कोणी कोणावर उपकार करत नाही, हे इंग्रजीत सांगताना मला घाम फुटला. 'शी पर्चेस ऑन द एज' इथपर्यंत आले, पुढे हातवारे. त्या तासाला जितकं इंग्रजी सुचलं तितकं महिनाभराच्या मेलमध्येही सुचलं नसेल.

'ड्रिफ्ट अपार्ट', 'फॉल आउट', 'पॅच थिंग्ज अप' असे वाक्प्रचार धड्यांत पेरलेले आहेत आणि पुन्हा पुन्हा समोर येत राहतात, त्यामुळे पाठ करावे लागत नाहीत.

आता रडगाणं. उच्चार तपासणारं यंत्र भिकार आहे. आपल्या 'व' वर ते दरवेळी लाल शेरा मारतं. मी तो भाग बंदच केला. सोशल मीडियाचे धडे शिळे झालेत. फेसबुकवर ५,००० मित्रांची मर्यादा आहे, त्यावर आख्खा धडा! माझी भाची फेसबुक उघडतसुद्धा नाही. निबंध तपासून यायला कधी आठवडा लागतो, आणि आला तरी खाली नुसतं 'गुड रेंज'.

आयएल्ट्सवाल्यांसाठी एक. तिथल्या तोंडी परीक्षेच्या दुसऱ्या भागात एक मिनिट तयारी आणि मग दोन मिनिटांपर्यंत सलग बोलणं असतं. त्याचा सराव इथे आपोआप होतो. लेखनासाठी मात्र वेगळं पुस्तक घ्या, कारण पहिल्या टास्कच्या आलेखांना इथे कोणी हात लावत नाही.

वर्षाचा प्लॅन घेऊ नका, तीन-तीन महिन्यांचा घ्या. सेटिंगमध्ये जाऊन ऑटो-रिन्यूअल पहिल्याच दिवशी बंद करा, ते चालू असतं. मी पुढचे तीन महिने भरलेत, तेही बोलण्याच्या तासांपुरते. त्याचा वेगळा प्लॅन मिळतो, पण मुख्य पानावर दाखवत नाहीत. सपोर्टला मेल टाकून मागावा लागतो.